रात्रीचं काम

सात वाजता मिरजेत आमच्या भागातले दिवे गेले,
मोबाईलला एकोणीस टक्के,
अल्बम एकाहत्तर मिनिटांचा.
म्हटलं, जितका होईल तितका.

मिशन हॉस्पिटलची जुनी क्वार्टर्स, लोखंडी कॉट,
कानात बोंडं.
आधी घंटा. मग ऑर्गन,
आमच्या चर्चच्या पायपेटीसारखा दमेकरी नव्हे,
विहिरीच्या तळातून बोलणारा.
मग गिटारी एकदम,
जंक्शनात मालगाडी शिरताना
तावदानं थरथरतात तशा.

गोष्ट कबरस्तानाच्या एका राखणदाराची.
त्याला रोज रात्री भिंतीत दार दिसतं.
पलीकडे उजेड आहे, म्हणते एक बाई,
इतक्या उंच सुरात की दात शिवशिवतात.
नाही, म्हणतो दुसरा आवाज,
घशाच्याही खालून आलेला,
माणसाचा असेल असं वाटू नये असा.

पप्पांनी बोटानं विचारलं, काय?
ऑपरेशनपासून ते बोटानंच विचारतात.
मी एक बोंड काढून त्यांच्या कानात घातलं.

पप्पा म्हणजे शांतवन रणभिसे,
निवृत्त कंपाउंडर.
गायनमंडळात चाळीस वर्षं खर्ज,
नाताळच्या नाटकात बावीस वर्षं सैतान.
काळं घोंगडं, डोळ्यांत काजळ, आणि असं हसणं
की संडे स्कूलची पोरं आयांच्या मांडीवर मुतायची.
सांगलीच्या स्पर्धेत एकदा उत्तेजनार्थ मिळालेला
स्टीलचा तांब्या अजून वापरात आहे.
आता गळ्यावर शिवण,
आणि आवाज
ओल्या फरशीवर खराटा ओढल्यासारखा.
उपासनेत नुसते ओठ हलवतात.
गीतांचं पुस्तक उघडं, पान बहुतेक चुकीचं.

मला वाटलं, म्हणतील, बंद कर हे.
ते मांडीवर ताल धरून बसले.
तिसऱ्या गाण्यात कपाळाला आठी.
"बाईनं एंट्री लवकर घेतली," खरखरले,
"त्याला आधी रडू द्यायचं."

पुढे एका जागी ढोल थांबले.
खाली फक्त एक चेलो,
आणि तो आवाज एकटा,
दाराला त्याचं नाव विचारत.
पप्पांचा हात मांडीवरून उठला
आणि गळ्यापाशी जाऊन थांबला.

"कुणी केलंय हे काम?"
मी स्क्रीनवर शोधलं.
बाईपुढे लिहिलं होतं पहाट,
याच्यापुढे रात्र.
माणसाचं नाव नव्हतं.
"बरोबर आहे," म्हणाले,
"रात्रपाळीवाल्याचं नाव कोण लिहितं!"
तीस वर्षं रात्री औषधांची खिडकी सांभाळली त्यांनी.

मग बराच वेळ काही नाही. मग अचानक,
"हमजाभाई म्हणायचे ते आठवतं?"
सितारमेकर गल्लीतले हमजाभाई,
तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत म्हणायचे,
तार अगदी साफ बोलली तर टकली वाटते,
जरा खरखर पाहिजे, तीच जवारी.
"डॉक्टरांनी माझी जवारी
जरा जास्तच काढली."
हसायला मला उशीर झाला.
सात महिन्यांत त्यांनी विनोद केला नव्हता.

बावन्नाव्या मिनिटाला मोबाईल मेला.
राखणदार दारापाशी, हात कडीवर.
उघडलं की नाही, माहीत नाही.

खोलीत काळोख, बाहेर काळोख,
दोघांच्या कानांत एकेक मुकं बोंड.
पप्पा उठून बसले.
श्वास पोटापर्यंत नेला, पूर्वी नाटकाआधी न्यायचे तसा,
आणि त्यांनी तो आवाज काढून पाहिला.
एकदा. मग पुन्हा, जास्त खालून.
कॉटची स्प्रिंग गुणगुणली.
पलीकडच्या बोळात कुत्रं उठलं.

"कोण आहे तिकडं?" भिंतीपलीकडून पाटोळेबाई.
पप्पांनी घसा साफ केला नाही.
"रात्र," म्हणाले.
भांडं पडल्याचा आवाज आला.
तेव्हा जरा हळू, पण त्याच आवाजात,
"भिऊ नका."

हे वाक्य देवदूताचं.
बावीस वर्षं विंगेत उभं राहून
पाठ झालेलं.